पाठीखालचा हात

मंगळवार, ३ फेब्रुवारी

डोकं नुसतं भणभणतंय, म्हणून लिहायला बसले. गेले दोन-तीन महिने या वहीला हात लावला नव्हता, म्हणजे बरे गेले म्हणायचे.

दुपारी बायकांची बॅच सुटली आणि मी गळ्यातली शिट्टी काढत होते, तेवढ्यात गेटपाशी चष्मेवाली उभी. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातली. ती चष्मेवाला होती तेव्हापासूनची माझी ओळख. माझा प्रत्येक चष्मा तिनेच बसवलाय. कानामागे हलक्या हाताने दांडी वाकवायची आणि विचारायचं, "टोचतंय का?" मध्ये बरेच महिने दुकानात दिसली नाही. परत आली ती केस वाढवून, नाव बदलून, बाई होऊन. पहिल्यांदा मी जाम बावचळले. मग तिने दांडी वाकवली, "टोचतंय का?" म्हणाली, मी "नाही" म्हटलं. संपला विषय.

संपला होता. आज म्हणते, "बाई, मला पोहायला शिकायचंय. बायकांच्या बॅचमध्ये घ्याल?"

"विचारून सांगते," म्हणाले. कुणाला विचारणार, देव जाणे! बॅच माझी आहे. दुपारचा हा एक तास मी तलावाच्या साहेबांच्या डोक्याशी कटकट करून मिळवलाय. या तासाला तलावावर पुरुष नाही. पंपवालासुद्धा बाहेर. रस्त्याकडच्या काचा मी स्वतः शिडीवर चढून पांढऱ्या रंगवल्यात. एरवी घरात डोळे वर न करणाऱ्या बायका इथे येऊन पाण्यात आरडाओरडा करतात.

आणि कपडे बदलायची खोली एकच. लांबलचक, एका भिंतीला खुंट्या, समोर बाक. पुरुषांच्या बाजूला दारं असलेले कप्पे आहेत. आम्ही दारं मागितली तेव्हा साहेब म्हणाले, "बायकाबायकांत कसली लाज?" तेव्हा मला राग आला होता. पण खरंच तसं झालं. टाके, सुटलेली पोटं, एका बाजूची छाती काढलेली, सगळं त्या खोलीत उघडं असतं आणि कुणी कुणाकडे बघत नाही.

आता काय करू?

गुरुवार, ५ फेब्रुवारी

साहेबांना विचारलं. म्हणाले, "कायदा काय म्हणतो ते मला विचारू नका, वरून काही आलेलं नाही. बायकांचा तास तुमचा, तुम्ही निस्तरा. फक्त माझ्या टेबलावर तक्रार नको. तक्रार आली तर तास बंद. स्पर्धेवाल्या मुलांचा क्लब कधीचा या तासामागे लागलाय."

हसत म्हणाले वर. याच हसण्याची मला भीती वाटते.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

खोलीत विषय काढला. अगदी सहज, टॉवेल पिळता पिळता. झालं! पोळ्यावर दगड.

मास्तरीणबाई म्हणजे शाळेत शिकवून शिकवून आवाज चढलेली बाई. ती म्हणाली, "मी कुणाची वैरीण नाही. दुकानात ती मला भेटते, मी नीट बोलते. पण पुरुषांना दारं आहेत आणि आपल्याला ही एकच खोली. तीही आपण भांडून घेतलेली. हिच्यात कोण येणार हे आपल्याला न विचारता ठरणार असेल तर मग ही आपली कशी?" दुसरी म्हणाली, "अहो, मग ती जाणार कुठे? पुरुषांकडे?" तिसरी म्हणाली, "मला थंडी वाजतेय, बाहेर जाऊन भांडा."

शिंपीण गप्प होती. सगळ्या गेल्यावर माझ्याजवळ आली.

तिच्याबद्दल लिहायला हवं. आली तेव्हा ती संडासात कडी लावून कपडे बदलायची. कितीतरी महिने. लहानपणी घरातल्याच एका पुरुषाने काय केलं ते तिने मला एकदा सांगितलंय, मी पुन्हा विचारलं नाही. मग एक दिवस ती संडासाकडे न जाता टोकाच्या खुंटीपाशी उभी राहिली आणि सगळ्यांसारखे कपडे बदलले. कुणी काही बोललं नाही. मी घरी येऊन मात्र ढसाढसा रडले.

आज म्हणाली, "बाई, ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. पाण्यात आली तर चालेल. पण त्या खोलीत नको. मला मनातून कळतं सगळं. माझं अंग ऐकत नाही."

मी तिचा हात धरला. "ती त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. माझा शब्द."

सोमवार, ९ फेब्रुवारी

दुकानात जाऊन आले. चष्मा सैल झालाय असं निमित्त केलं. चष्मेवालीला म्हटलं, "या बुधवारपासून. फक्त चार दिवस कपडे पंपाच्या खोलीत बदला. बायकांना जरा सवय होऊ दे. मग आत तुमची खुंटी. दारापाशी मी स्वतः उभी राहीन."

तिचे डोळे भरून आले. "चार दिवस काय बाई, मी आठ दिवस बदलेन."

आता तुम्ही म्हणाल, शिंपिणीला एक सांगितलं आणि हिला दुसरं. (तुम्ही म्हणजे कोण? वहीशी बोलायला लागले की काय मी?) पण चार दिवसांत शिंपिणीची भीती मोडेल. पाण्यातली नाही का मोडली! नवीन बाईला मी उताणं निजवते, पाठीखाली हात घालते आणि म्हणते, हात काढणार नाही. ती घट्ट डोळे मिटते, मी गप्पा मारते आणि हळूच हात काढते. बाई तरंगते! मग कळतं तिला. सांगून काढला की हमखास बुडतात. शिंपिणीचंही तसंच केलं होतं. छान तरंगली आणि बाहेर येऊन इतकी रडली आनंदाने की मलाच टॉवेल शोधावा लागला. माणसाला आधी सांगून काही होत नसतं, हे मी पाण्यात शिकले.

दोघीही खूश आहेत. लोक उगाच वाद घालत बसतात.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आली. अंगभर कॉस्च्युम, डोक्यावर टोपी, आणि थरथर कापत होती. पाण्याला भितेय बिचारी. पायरीचा दांडा सोडेना. मी म्हटलं, "अहो, तो दांडा काढून घरी न्यायचाय का?" तशी हसली. बायका बघत होत्या आणि न बघितल्यासारखं करत होत्या. मास्तरीणबाई खोल बाजूला सपासप हात मारत राहिली, एकदाही थांबली नाही.

पाठीखाली हात घातला. "काढणार नाही हं," म्हणाले. तिने इतक्या पटकन विश्वास ठेवला की मलाच कसंतरी झालं. आज काढला नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

चष्मेवाली खोकतेय. पंपाच्या खोलीत क्लोरीनचे डबे आहेत, वास नाकात जातो. दाराला कडी नाही, मी बाहेर टॉवेल टांगते आणि पाठ करून उभी राहते. आज जाता जाता म्हणाली, "बाई, खुंटीचं काही?"

"पुढच्या आठवड्यात."

शिंपीणही विचारून गेली. "नक्की ना, बाई?"

"अगं, नक्की."

 

शुक्रवार, २० फेब्रुवारी

लेकीचा फोन. तिला कुणाकडून कळलं कोण जाणे. "आई, तू एका बाईला क्लोरीनच्या डब्यांत कपडे बदलायला लावतेस? शोभतं तुला? तिचा हक्क आहे तो." फोन ठेवते न ठेवते तोच थोरल्या बहिणीचा. "तुला अक्कल आहे का गं? पोरीबाळी येतात तिथे. उद्या कुणीही उठेल आणि मी बाई म्हणेल."

दोघीही ठाम. दोघींनाही पोहता येत नाही. आयुष्यात एकदा पाय बुडवायला आल्या नाहीत, आणि मला शिकवतात. मी दोघींनाही "हो गं, खरंय तुझं" म्हटलं. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला, का ते कळलं नाही. भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

सोमवार, २३ फेब्रुवारी

 घडलं तसं लिहिते.

तास संपत आला होता. चष्मेवाली बाहेर पडून पंपाच्या खोलीकडे गेली. मी मागोमाग निघाले, तेवढ्यात उथळ बाजूला एकीच्या पोटरीत गोळा आला. किंचाळायला लागली. मी तिचा पाय चोळत बसले. दाराशी कुणी नव्हतं. पंपवाला आपल्या घड्याळाप्रमाणे आला आणि टॉवेल बाजूला करून आत शिरला. त्या बिचाऱ्याला काय माहीत! त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणजे मी.

ती ओरडली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. टॉवेल गुंडाळून धावत सुटली ती सरळ बायकांच्या खोलीत. कुठे जाणार दुसरीकडे?

आत शिंपीण होती. अर्धे कपडे अंगावर, अर्धे हातात.

मी पोचले तर शिंपीण टोकाच्या भिंतीला चिकटून उभी. डोळे उघडे पण बघत नव्हती. ओरडली नाही, काहीच नाही. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. आणि दुसऱ्या टोकाला चष्मेवाली भिंतीकडे तोंड करून थरथरत होती आणि एकसारखी म्हणत होती, "ताई, मी डोळे मिटलेत. ताई, मी बघत नाहीये. मी डोळे मिटलेत."

मी मध्ये उभी. कुणाकडे आधी जायचं ते कळेना. दोघींना मी शब्द दिला होता.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

तास बंद. साहेबांनी गेटवर बोलावून सांगितलं. "पंपवाला रडतोय, बायका बोंब मारतायत, निम्म्या म्हणतात तिला काढा, निम्म्या म्हणतात काढलं तर आम्ही जाऊ. मी नव्हतं सांगितलं? आता त्या दोघींनी स्वतः येऊन मला सांगू दे की तक्रार नाही. तर विचार करू. नाहीतर पुढच्या आठवड्यात मुलांचा क्लब."

दुपारी तलावावर गेले, सवयीने. पाणी एकदम स्थिर होतं. मुलांच्या क्लबचा मास्तर लेनच्या दोऱ्या मोजत होता. मला बघून "नमस्कार बाई" म्हणाला. मी आल्या पावली परत फिरले.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

शिंपिणीकडे गेले. मशीनवर बसली होती. थांबली नाही. मी बोलत राहिले, मशीन चालत राहिलं. मी म्हटलं, "झालं ते वाईट झालं गं. पण तू साहेबांना एकदा सांगितलंस ना, की तक्रार नाही..."

पाय थांबला.

"तुम्हाला तास वाचवायचाय."

"तुमच्यासाठीच तर."

"मी पुन्हा संडासात कडी लावून बदलतेय, बाई. घरी. माझ्याच घरी." दोरा तोडला तिने, दाताने. "तिचा राग नाही मला. ती बिचारी भिंतीकडे तोंड करून उभी होती. एवढं माझ्यासाठी आजवर कुणी केलं नाही. पण मला माहीतच नव्हतं की ती येऊ शकते. तुम्ही म्हणाला होतात, येणार नाही. मी बेसावध होते."

मी म्हटलं, तू येशील ना परत? ती म्हणाली, संध्याकाळच्या आत हे शिवून द्यायचंय. मी उठले. 

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

चष्म्याचं दुकान. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत फ्रेमा बघत बसले. मग तिने काही न बोलता माझा चष्मा काढून घेतला, स्क्रू आवळला, परत लावला. "टोचतंय का?" विचारलं नाही.

मीच म्हटलं, "चुकलं माझं. दाराशी उभं राहायला हवं होतं."

"दाराचं सोडा," ती म्हणाली. "त्या ताईंना तुम्ही सांगितलं होतं की मी आत कधीच येणार नाही. मास्तरीणबाईंना ताईंकडून कळलं, त्या बोलल्या मला. आणि मला खुंटी देणार होतात. बाई, तुम्ही मला आत घेतलं नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. नाही म्हणाला असतात तर मी घरी गेले असते, चार दिवस रडले असते, झालं असतं. लोक तोंडावर नाही म्हणतात, त्याची सवय आहे मला. हे असं हो-हो करत ताटकळत ठेवलेलं सहन होत नाही."

"सगळ्यांचं भलं बघत होते हो मी."

"सगळ्यांचं तोंड गोड बघत होतात."

 चष्मा अगदी घट्ट बसलाय आता. जरा जास्तच. सांगायची हिंमत झाली नाही.

रविवार, १ मार्च

झोप नाही. कूस बदलून बदलून पाठ दुखली. पहाटे वाटलं, लेकीला फोन करून सांगावं की तू म्हणतेस ते खरं आहे. मग वाटलं, बहिणीला करावा. मग कळलं की मला खरं काय वाटतं हे मी या वहीतसुद्धा एकदाही लिहिलेलं नाही.

लिहिते. चष्मेवाली बाई आहे. शिंपिणीची भीती खरी आहे. खोली एकच आहे. या तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि मला त्यातली एकही कुणाला तोंडावर सांगता आली नाही. बस.

मंगळवार, ३ मार्च

साहेबांनी बोलावलं. गेले तर हसू दाबून बसलेले.

"काल शिंपीणबाई येऊन गेल्या. आज सकाळी चष्मेवाल्या. दोघी वेगवेगळ्या आल्या हं, ठरवून नाही. दोघींचीही एकमेकींबद्दल तक्रार नाही."

"मग?"

"तक्रार तुमच्याबद्दल आहे. दोघींचीही. बाई एकीला एक सांगतात, दुसरीला दुसरं. खोलीला पडदे मागायचे सोडून शब्द वाटत सुटतात."

मी खुर्चीत बसले. कपडे बदलायच्या त्या खोलीत आजवर कुठल्या दोन बायकांचं इतकं एकमत झालं नव्हतं.

साहेब म्हणाले, "तुमच्याबद्दलची तक्रार म्हणजे घरचीच. ती मी खिशात ठेवतो. तास चालू करा. पण पडद्यांसाठी माझ्याकडे पैसा मागू नका." मग सगळ्या ऑफिससमोर मला झापलं. निमूट ऐकून घेतलं. हक्काचं होतं ते.

गुरुवार, ५ मार्च

सगळ्यांना खोलीत बसवून सांगितलं. कुणाला काय शब्द दिला होता, सगळं. आणि म्हटलं, चष्मेवाली याच खोलीत बदलेल. टोकाला पडदा लागेल. ज्यांना चालत नसेल त्यांनी आत्ता सांगा, मी कुणाची समजूत घालणार नाही.

एकजण म्हणाली, "पाण्यातसुद्धा तुम्ही 'हात काढणार नाही' म्हणायचात आणि काढायचात." सगळ्या हसल्या. मी हसले नाही.

मास्तरीणबाईने टॉवेलची घडी घातली. "आज तुम्ही सरळ बोललात, बरं वाटलं. पण विचारलं नाहीत, सांगितलंत. मी येणार नाही." तिच्याबरोबर आणखी दोघी गेल्या. कितीतरी वर्षांची माणसं ती. मास्तरीणबाईला खोल पाण्यात मीच उतरवलं होतं. अडवावंसं वाटलं, तोंडापर्यंत आलं, "अहो थांबा, काढू काहीतरी मार्ग." जीभ चावली. गेल्या.

निघताना गेटवर गाठोडं दिसलं. शिंपीण ठेवून गेली होती, आत आली नाही. दोन पडदे. जाड कापड, वर कड्या ओवलेल्या. एक या टोकाच्या मापाचा, एक त्या टोकाच्या. खोलीची मापं तिला पाठ. मला वाटलं होतं एकच लागेल, चष्मेवालीसाठी. दुसरा हातात धरला आणि तेव्हा कळलं कुणासाठी आहे तो.

संडासाची कडी सोडून ती बाहेर आली होती. आता पडद्याआड. कुणी जिंकलं असेल या सगळ्यात तर मला दाखवा.

सोमवार, ९ मार्च

दोघी आल्या.

चष्मेवाली आधी आली. तिच्या टोकाला गेली, पडदा ओढला, बदलून बाहेर. कुणीतरी म्हणालं, "टोपी उलटी घातलीय." तिने सरळ केली. एवढंच.

शिंपीण उशिरा आली. आपल्या पडद्याआड गेली. मी बाहेर बाकावर बसले. पडद्याखाली तिची पावलं दिसत होती, हलत नव्हती. "काही होणार नाही गं" हे शब्द माझ्या ओठांवर तीनदा आले. मला काय माहीत काही होणार नाही ते?  खूप वेळाने पडदा सरला. अंगावर आली होती तेच कपडे.

"आज नाही जमत."

"बरं," म्हटलं.

वाटलं घरी जाईल. पण ती उथळ बाजूच्या काठावर येऊन बसली, पाय पाण्यात सोडून, कपड्यांसकट. पाण्यात चष्मेवाली माझी वाट बघत दांड्याला धरून उभी.

मी तिला उताणं घेतलं, पाठीखाली हात. "मान सोडा. आज मी सांगून काढणार आहे. आता काढते."

काढला. बुडाली. हमखास बुडतात. नाकातोंडात पाणी, खोकत, शिंकत वर आली.

काठावरून शिंपीण म्हणाली, "माझ्या वेळी न सांगता काढला होतात."

"हो ना. आणि काय सुंदर तरंगलीस तू! बाहेर येऊन रडलीस आनंदाने."

ती पाण्यातल्या आपल्या पायांकडे बघत होती. "आनंदाने नव्हते रडले, बाई. काढू नका म्हणाले होते मी. तुम्ही हो म्हणाला होतात."

इतकी वर्षं ही गोष्ट मी प्रत्येक नव्या बाईला कौतुकाने सांगत आले.

"परत करू," मागून चष्मेवाली म्हणाली. शिंपिणीने प्रथमच तिच्याकडे सरळ बघितलं. "पोट वर ठेवा," म्हणाली, "म्हणजे कमी पाणी जातं."

मी वळले. चष्मेवाली उताणी झाली, मी हात घातला. तिचं वजन तळहातावर आलं.

"काढू का?" मी विचारलं.

"इतक्यात नको."

मी तशीच उभी राहिले. तासाची वेळ होऊन गेली होती. शिट्टी माझ्या गळ्यात होती, पण हात मोकळा नव्हता.